चीज कोणाचं होतं?

बारा-तेरा वर्षांपूर्वीचं सांगते. सहावीचा वर्ग, इंग्रजीचा तास, जेवणाच्या सुट्टीआधीचा. धडा होता कावळ्याचा आणि कोल्ह्याचा. मी फळ्यावर ‘मॉरल ऑफ द स्टोरी’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि खुशमस्कऱ्यांवर विश्वास ठेवू नका अशा अर्थाचं वाक्य लिहून हात झटकले. ‘फ्लॅटरर्स’ शब्दातला एक टी माझ्याकडून राहून गेला. दुसऱ्या दिवशी बेचाळीस वह्या तपासायला आल्या. बेचाळीसही वह्यांत तो टी नव्हता.

त्याच तासाला तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला होता. शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे तिथे मी ‘बेन’. “बेन, चीज कोनुं हतुं?” चीज कोणाचं होतं? मी म्हटलं, कावळ्याचं. तर म्हणाली, कावळ्याला कुठे चीज बनवता येतं? म्हणजे त्यानं कोणाच्या तरी घरातून उचललं असणार. मग कोल्ह्यानं चोराकडूनच चोरलं की! आणि बोध फक्त कावळ्याला? ज्याचं चीज गेलं त्याचं काय? हे सगळं गुजरातीत, एका दमात. मी घड्याळाकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, “दॅट इज नॉट इन द लेसन.” ती खाली बसली. पुढे वर्षभरात तिचा हात पुन्हा वर गेलेला मला आठवत नाही, निदान माझ्या तासाला तरी नाही.

परकी भाषा शिकवताना गोष्ट कशासाठी वापरायची, याचा विचार माझ्या पिढीच्या शिक्षकांनी फारसा केला नाही. करायची गरजच पडली नाही, कारण धड्याखाली सगळं छापून यायचं: नवे शब्द, रिकाम्या जागा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले आणि शेवटी तात्पर्य. गोष्ट म्हणजे शब्दांनी भरलेली गोणी. ती उपडी करायची, शब्द मोजून घ्यायचे, गोणी घडी करून ठेवायची. बावीस वर्षं हेच केल्यावर आता माझं म्हणणं वेगळं आहे. इंग्रजीच्या तासाला काय किंवा जर्मन-फ्रेंचच्या काय, गोष्ट आणायची ती भांडायला. मुलांनी गोष्टीवर शंका घ्यावी, साक्षीपुरावा मागावा, कोल्ह्याचं वकीलपत्र घ्यावं आणि ते करताना जी मोडकीतोडकी परकी भाषा तोंडातून निघेल ती त्या तासाची कमाई समजावी. काही म्हणायचं असलं की पोरं शब्द शोधतात, मागतात, एकमेकांकडून उसने घेतात. म्हणायचंच काही नसलं तर पाठ केलेले शब्द सहामाहीच्या पेपराबरोबर बाईंच्या कपाटात जमा होतात.

हा विषय बडोद्यात बसून लिहिण्याला थोडा अर्थ आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात उंबऱ्याच्या आत मराठी, ओट्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि दप्तरात इंग्रजी. पाच वर्षांचं पोर आजीला ‘अगं’ म्हणतं, शेजारच्या बांना ‘तमे’ म्हणतं आणि रिक्षावाल्याशी हिंदीत घासाघीस करतं, तेही कुठे अडखळत नाही. शहराला हे नवं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये इथे दत्तक आला, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांची ताटं त्याच्यापुढे जवळजवळ एकदमच मांडली गेली. इथे कशाला आलास असं विचारल्यावर ‘राज्य करायला’ असं तो म्हणाला म्हणे. (या ‘म्हणे’कडे लक्ष असू द्या, पुढे लागणार आहे.) त्याच गोपाळनं, म्हणजे पुढच्या महाराजा सयाजीरावांनी, १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे भाषांची गर्दी आणि शाळेची सक्ती, दोन्ही आमच्या अंगवळणी पडून शंभरावर वर्षं झाली.

आता अलकापुरीत, फतेगंजात फिरा. पाट्याच पाट्या: आयईएलटीएस, पीटीई या परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षा, जर्मनच्या ए-वन ते बी-टू पातळ्या, कॅनडाचा व्हिसा, फी हप्त्यानं. पालक शाळेत येऊन एकच विचारतात, “बोलता येईल ना?” या प्रश्नाला मी कधी हसले नाही. कोणाचा मोठा मुलगा तिकडे गेलेला असतो, कोणाला धाकटीला नर्सिंगसाठी जर्मनीला पाठवायची असते, कर्ज डोक्यावर असतं. पण बोलता येणं म्हणजे जीभ वळणं असं त्यांनी धरलंय आणि आम्ही शिक्षकांनी ते धरू दिलंय. जीभ वळवून बोलायचं काय, हे कोणीच विचारत नाही.

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चिकटवायची सवय जुनी आहे, पण गोष्ट वापरायची ती एकच जुनी रीत नाही. रोममध्ये पहिल्या शतकात क्विंटिलियन नावाचा शिक्षक होता. रोमन मुलांनी शिक्षणाची सुरुवात ग्रीकपासून, म्हणजे परक्या भाषेपासून करावी, लॅटिन काय कानावर पडतच असते, असं त्याचं मत. इसापच्या गोष्टी मुलांनी आधी साध्या शब्दांत तोंडी सांगाव्यात, मग लिहाव्यात, मग कुठे आखडाव्यात, कुठे फुलवाव्यात, असंही तो सांगतो. इथवर आपल्याला ओळखीचं आहे. पुढची पायरी मात्र आपण गाळली. जरा वरच्या वर्गातल्या मुलांना तो गोष्ट खोडून काढायला लावतो, नाहीतर तिच्या बाजूनं उभं राहायला. त्याचं एक उदाहरण तर आपल्या कावळ्याच्याच जातकुळीतलं. लढाई जुंपलेली असताना एक डोमकावळा व्हॅलेरियस नावाच्या रोमन योद्ध्याच्या डोक्यावर येऊन बसला आणि समोरच्या शत्रूच्या तोंडावर, डोळ्यांवर चोच आणि पंख मारू लागला, हे पटण्यासारखं आहे का? मुलांनी याच्या विरुद्ध बोलायचं आणि बाजूनंही बोलायचं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची ही गृहपाठाची वही आपल्या मॉरलच्या वहीपेक्षा नवी वाटते.

आपलं पंचतंत्र तरी काय सांगतं? राजाचे तीन मठ्ठ मुलगे, सहा महिन्यांची मुदत आणि हातात नुसत्या गोष्टी. त्या गोष्टींतली जनावरं एकमेकांना सुभाषितं फेकून मारतात. एकानं मैत्रीच्या बाजूनं श्लोक म्हटला की दुसरा तितकाच जोरदार श्लोक मैत्रीविरुद्ध म्हणतो. राजपुत्रांना त्यातून वाट काढायची असते. सहाव्या शतकात तो ग्रंथ इराणात पहलवीत गेला, आठव्या शतकात अरबीत आणि तिथून पुढे युरोपभर. गोष्टी सीमा ओलांडतात त्या अशा, भांडणासकट. इसापही आपल्याकडे तसाच आला. १८०६ मध्ये तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. महाराष्ट्रापासून इतक्या लांब, तमिळ मुलखातल्या मराठी मंडळींनी हे केलं, याचा मला बडोदेकर म्हणून उगाचच अभिमान वाटतो. आणि गुजरातेत तर १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका होऊन गेले, ज्यांना लोक ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई म्हणायचे. गोष्ट हेच शाळेचं दार, असं मानून त्यांनी काम केलं. दार दाखवणारे घरातच होते, आम्ही खिडकीतून उड्या मारत होतो.

असो. चिझाच्या त्या प्रकारानंतर दोनेक वर्षांनी मी एक उद्योग केला. पाचवीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला चका-चकीची, म्हणजे चिमणा-चिमणीची गोष्ट घेतली. गुजरातेतल्या प्रत्येक पोराला ती येते, ‘चकी लावी चोखानो दाणो, चको लाव्यो मगनो दाणो’, चिमणीनं तांदळाचा दाणा आणला, चिमण्यानं मुगाचा. आमच्या शेजारच्या बा सांगत त्या गोष्टीत चकी खिचडी शिजवून पाणी भरायला जाते. तेवढ्यात चका सगळी खिचडी फस्त करतो, डोळे आलेत असं सोंग करून पट्टी बांधून पडून राहतो आणि चकी परतल्यावर म्हणतो, राजाचा कुत्रा खाऊन गेला. प्रकरण दरबारात जातं. कुत्रा नाही म्हणतो. मग विहिरीवर कच्च्या सुताचा झोका बांधतात, जो खोटा असेल त्याचा धागा तुटेल. कुत्रा झुलतो, धागा शाबूत. चका बसतो, धागा तुटतो आणि चका विहिरीत.

मी गोष्ट इंग्रजीत सांगितली, लहान लहान वाक्यांत, हातवारे करून. शब्द अडले नाहीत कारण गोष्ट आधीच पोटात होती. नवी गोष्ट नवी भाषा घेऊन आली की मुलाची सगळी ताकद ‘काय चाललंय’ हे समजण्यात जाते, ‘असं का चाललंय’ याच्यासाठी काही उरत नाही. म्हणून परक्या भाषेत विचार करायला लावायचा तर गोष्ट घरची घ्यावी, या मताची मी तेव्हापासून झाले. ससा-कासव नको, कंटाळलीत मुलं त्याला.

दरबार न्यायमंदिरात भरला. ही कल्पना एका मुलाची. आमच्याकडे न्यायमंदिर म्हणजे सूरसागरजवळची ती मोठी जुनी इमारत, कोर्ट म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तीच. मी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: हाऊ डू यू नो? आणि नियम घातला की कोणत्याही भाषेत विचार करा, शेजाऱ्याशी कोणत्याही भाषेत बोला, उभं राहिलात की शेवटचं वाक्य इंग्रजीत, कसंही.

पहिली पाच मिनिटं गेली ‘चको थीफ, चको थीफ’ यातच. मग एकजण उभा राहिला. “डॉग नॉट ईट. डोअर क्लोज.” दार बंद होतं हे तुला कोणी सांगितलं, असं समोरून आलं आणि गोष्टीत दाराचा उल्लेखच नव्हता हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मग चकीनं दार लावलं होतं का यावर इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले. एका मुलीनं विचारलं, चकी पाणी भरायला गेली होती, तिनं काहीच पाहिलं नाही, मग राजाचा कुत्रा खाऊन गेला हे तिनं राजाला कशाच्या आधारावर सांगितलं? चक्यानं सांगितलं म्हणून! इथे मला आपला ‘म्हणे’ आठवला. कुत्रा खाऊन गेला आणि कुत्रा खाऊन गेला म्हणे, यांत मराठी माणूस एका शब्दानं स्वतःचे हात धुऊन मोकळा होतो. माझ्या पाचवीच्या इंग्रजीत तो ‘म्हणे’ नव्हता, ‘चको सेज’ असं पुढे घेऊन सांगणाऱ्याचं नाव उघड करावं लागत होतं. मी ते फळ्यावर लिहिलं. त्यानंतर दर वाक्यामागे वर्ग ओरडायला लागला, “हू सेज? हू सेज?”

आणि मग खरा मुद्दा आला, मागच्या बाकावरून. तो मुलगा वर्षभर इंग्रजीत पासापुरता. म्हणाला, “बेन, थ्रेड ब्रेक बिकॉज चको हेवी. खिचडी इज इनसाइड.” ज्यानं खिचडी खाल्ली त्याचं वजन वाढलं, म्हणून धागा तुटला, यात देवाचा न्याय वगैरे काही नाही! वर्ग खूश. इतक्यात दुसरी बाजू उठली. “बट डॉग इज मोर हेवी दॅन चको!” कुत्रा चिमणीपेक्षा केवढातरी जड, तो बसला तेव्हा धागा का नाही तुटला? म्हणजे धागा तरी खोटा किंवा गोष्ट तरी खोटी. त्या क्षणी त्यांना ‘हेविअर’ हवा होता. मी तो दिला आणि वर्गानं खाऊ वाटावा तसा तो झडप घालून घेतला. तुलनेची रूपं मी दरवर्षी तक्ता करून शिकवायचे, टॉल-टॉलर-टॉलेस्ट, आणि दरवर्षी सहामाहीत ‘मोर टॉलर’ वाचायचे. ‘हेविअर’ मात्र त्या वर्गातल्या एकाही मुलाचा वर्षअखेरपर्यंत चुकला नाही. एका वर्गाचा अनुभव म्हणजे काही सिद्धांत नव्हे, हे मलाही कळतं. पण शब्द गरजेच्या पोटी आला तर राहतो, हे घरोघरच्या आयांनाही ठाऊक आहे.

मुलांना वर्गात मराठी-गुजराती बोलू दिली याबद्दल मला तेव्हा बोलणी खावी लागली, आणि आजही पालक म्हणतील की इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलायला हवं, नाहीतर सवय कशी लागणार? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. जो वर्ग तासभर गुजरातीत गप्पा मारून शेवटी एक ‘येस’ म्हणतो त्याला इंग्रजी येणार नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाचा विचार त्याच्या इंग्रजीपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा असतो. फक्त इंग्रजीच बोल म्हटलं की आपण त्याला चार वर्षांचं करून बसवतो. मग तो चार वर्षांच्या मुलासारखंच वागतो, पाठ केलेलं म्हणतो किंवा गप्प बसतो. विचार त्याच्या वयाचा होऊ द्यायचा आणि त्यातलं एक वाक्य पलीकडे नेऊन पोचवायला लावायचं, मग ते धापा टाकत पोचलं तरी चालेल.

आणि ही ने-आण एकतर्फी नसते. त्याच खिचडीच्या खटल्यात चकी म्हणते, “वुई विल ईट.” चक्याच्या वकिलानं विचारलं, हा ‘वुई’ म्हणजे अमे की आपणे? मराठीत आम्ही की आपण? गुजराती आणि मराठी दोघी इथे काटेकोर आहेत, ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. इंग्रजी ढिली. मुलांचं म्हणणं असं की ‘आपण’ असेल तर अर्धी खिचडी चक्याचीच, म्हणजे चोरी अर्धीच. ‘आम्ही’ असेल तर गोष्टच वेगळी. उलट काल-उद्याच्या बाबतीत गुजराती ढिली: नुसतं ‘काल’ म्हटलं तर गेलेला की येणारा ते मागचं-पुढचं पाहून ठरवायचं. मराठीत ‘काल’ म्हणजे गेलेलाच आणि इंग्रजीत ‘यस्टरडे’ही तसाच. आपल्या भाषेत काय दडलंय ते परकी भाषा शेजारी ठेवल्यावर दिसतं. रशियातल्या व्हिगोत्स्की या मानसशास्त्रज्ञानं १९३४ मध्ये परकी भाषा शिकण्याची तुलना बीजगणिताशी केली होती, अंकगणित येणाऱ्यालाच बीजगणित येतं, पण बीजगणित आल्यावर अंकगणित वेगळंच दिसायला लागतं. हे व्याकरणाच्या तक्त्यानं होत नाही, चक्याच्या वकिलानं होतं.

म्हातारी आणि भोपळा ही दुसरी माझी आवडती. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग तू मला खा’. बघा, भविष्यकाळ तयार आहे, तोही प्रत्येक जनावरापुढे पुन्हा. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमचे पाढे, आमची स्तोत्रं तोंडपाठ झाली ती लय होती म्हणून, आणि गोष्टीतलं धृपद हीच ती लय. ‘आय विल गो, आय विल ईट, आय विल बी फॅट’ म्हणताना पोरं उड्या मारतात. पण त्यानंतरचा प्रश्न विचारायला हवा: म्हातारी खोटं बोलली का? वाघाला दिलेला शब्द तिनं मोडला. जीव वाचवायला दिलेला शब्द पाळायचा असतो का? एका वर्षी एक मुलगी म्हणाली, तिनं शब्द मोडला नाही, ती म्हणाली होती जाडजूड झाल्यावर खा, पण कुठल्या दिवशी ते कुठे म्हणाली? इतकं वकिली डोकं मी एका वाक्यात इंग्रजीत घालायला सांगितलं तेव्हा तिनं लिहिलं, “शी डिड नॉट टेल द डेट.” मला याहून चांगलं लिहिता आलं नसतं.

इथे एक अडचण आहे आणि ती मुलांची नाही, आमची आहे. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात. उत्तर आलं, सुमारे एक सेकंद. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं. हे तर मुलांच्या स्वतःच्या भाषेतलं. परक्या भाषेत प्रश्न ऐकायचा, घरच्या भाषेत आणायचा, विचार करायचा आणि परत तिकडे न्यायचा, म्हणजे दोनदा आमची विश्वामित्री नदी ओलांडायची, खाली मगरी, वरून बेन घड्याळ बघतायत. मी स्वतः मनात दहापर्यंत मोजायला शिकले. ती दहा मोजताना जी शांतता पसरते ती सहन करणं हे माझ्या नोकरीतलं सर्वात अवघड काम होतं. पाठ्यपुस्तक संपवणं त्यापुढे काहीच नाही.

वर्गात पन्नास-पन्नास मुलं, अभ्यासक्रमाचा रेटा, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं, हे सगळं मी भोगलंय, त्यामुळे ते सांगून मला गप्प करता येणार नाही. दर धड्याला खटला भरवा असं मी म्हणत नाही. महिन्यातून दोनदा, अर्धा तास. गोष्ट सांगण्याच्या नावाखाली आता वेगळंच खूळ निघालंय: कोल्ह्याचे मुखवटे रंगवा, कावळ्याची टोपी करा, आईनं रात्री बारापर्यंत जागून चिकटवा. त्याला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. पुठ्ठ्याचा खप वाढतो, बाकी काही नाही. आणि व्याकरण नकोच असंही कोणी समजू नये. ‘हेविअर’ द्यायची वेळ ओळखायला शिक्षकाला तो आधी यायला लागतो. ज्याला स्वतःच्या इंग्रजीची भीती वाटते तो शिक्षक मुलांना अनपेक्षित प्रश्न विचारूच देत नाही, उत्तर आपल्याला इंग्रजीत सांगता नाही आलं तर? खरी गाठ इथे आहे, आणि तिच्यासाठी मुलांना नाही, शिक्षकांना वेळ आणि गोष्टी द्यायला हव्यात. प्रशिक्षणाच्या नावावर आम्हाला स्लाइड दाखवतात. एकदा तरी कोणी आमचाच खटला भरवून आम्हाला मोडक्या जर्मनमध्ये भांडायला लावावं.

पाट्यांवरच्या त्या परीक्षेचंच घ्या. आयईएलटीएसच्या लेखनात दुसऱ्या प्रश्नाला निदान २५० शब्दांत उत्तर लिहायचं असतं, बहुतेक वेळा एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर आपलं मत, कारणांसह. तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची आणि तिच्या शेवटच्या भागात परीक्षक कारणं, तुलना, पुढे काय होईल असलंच खोदून विचारत राहतो. म्हणजे जी परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून पालक ‘नुसतं बोलायला शिकवा’ म्हणतात, ती परीक्षाच चीज कोणाचं होतं हे विचारते. बारावीपर्यंत मॉरल उतरवून घेतलेलं पोर तिथे अडतं, मग क्लासवाला त्याला साचे पाठ करायला देतो, ‘देअर आर बोथ ॲडव्हान्टेजेस अँड डिसॲडव्हान्टेजेस’ असे. त्या साच्यांची फी शाळेच्या वर्षभराच्या फीपेक्षा जास्त असते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्राथमिकच्या इंग्रजीच्या पेपरात गोष्टीखाली एक प्रश्न असा असावा ज्याचं आदर्श उत्तर छापलेलं नसेल. गुण कारणाला, स्पेलिंगला नाही. चका दोषी आहे म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण आणि नाही म्हणणाऱ्यालाही, फक्त ‘बिकॉज’नंतर काहीतरी हवं. पेपरात आलं की वर्गात येतं, वर्गात आलं की वहीत येतं, हा आपल्या शाळांचा स्वभाव आहे. तो बदलत बसण्यापेक्षा वापरावा.

निवृत्त व्हायच्या वर्षी सहावीच्या पेपरात मी तो प्रश्न टाकला. हू वॉज द ओनर ऑफ द चीज? हाऊ डू यू नो? पेपर काढताना उत्तरसूचीही जोडायची असते. प्रश्न चौथा, गुण तीन, पुढची चौकट मी कोरी ठेवली. दोन दिवसांनी सूची परत आली, कोऱ्या चौकटीभोवती पेन्सिलनं गोल आणि शेजारी गुजरातीत लिहिलेलं, ‘बेन, जवाब लखवानो रही गयो छे’, उत्तर लिहायचं राहून गेलंय. मी चौकटीत ‘बिकॉज’ एवढंच लिहिलं, पुढे तीन टिंबं दिली आणि सूची तशीच पाठवून दिली.